अजिंठ्याच्या भिंतीवरून रुपेरी पडद्यावर : भानू अथैया आणि ‘आम्रपाली’ची वस्त्रे

१.
लंडन, सप्टेंबर १९९८. फिरत्या लाकडी चकतीवर पांढरा झगा घातलेली एक मॉडेल उभी आहे. तिच्या दोन बाजूंना दोन यंत्रमानव आहेत. ते आधी तिला निरखावे तसे डोलतात आणि मग तिच्या अंगावरच्या झग्यावर काळा नि पिवळा रंग फवारू लागतात. प्रेक्षक स्तब्ध होतात. अलेक्झांडर मॅक्वीन या वेशकाराचा हा प्रयोग रिबेका हॉर्न या जर्मन कलावतीच्या मांडणशिल्पावरून सुचलेला होता.

२.
चाकणच्या मोटार कारखान्यांतील पेंट शॉप ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यंत्राच्या त्या हाताचे फारसे नवल वाटणार नाही. पण चित्रकला भिंतीवरून उतरून माणसाच्या देहावर आली की पाहणारा दचकतो, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. तो का दचकतो? या प्रश्नाचा आपल्या मातीतला एक धडा मॅक्वीनच्या बत्तीस वर्षे आधी घडून गेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

३.
आधी थोडी युरोपची पार्श्वभूमी. १९३७ साली एल्सा स्कियापरेल्ली हिने एका शुभ्र रेशमी झग्यावर साल्वादोर दालीने रेखाटलेली लालभडक शेवंड उतरवली. १९६५ साली पॅरिसमध्ये इव्ह साँ लोराँ याने पीट मोंद्रियानच्या चित्रांतले चौकोन झग्यांवर आणले. त्याने ते चौकोन कापडावर छापले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा निराळा कापून, शिवण काळ्या रेघेत लपेल अशा रीतीने जोडला होता. चित्र अंगावर आणायचे तर ते शिवण्याच्या भाषेत नव्याने लिहावे लागते, हा या उदाहरणाचा धडा.

४.
पुढच्याच वर्षी, १९६६ साली, लेख टंडन दिग्दर्शित ‘आम्रपाली’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. वैशालीची नगरवधू आम्रपाली झाली होती वैजयंतीमाला आणि मगधराज अजातशत्रू झाला होता सुनील दत्त. छातीवर घट्ट बसणारी कंचुकी, उघडे पोट, कमरेखाली चुण्यांचे नेसू, रत्नजडित मेखला, उंच बांधलेला केशसंभार : हिंदी पडद्याने नायिकेला इतक्या धिटाईने नटवल्याची उदाहरणे त्या काळात थोडी होती.

५.
त्या काळी फॅशन शो ही मूठभर शहरी लोकांची करमणूक होती. वेशकाराचा खरा रंगमंच म्हणजे चित्रपटगृह. लक्षावधी डोळे एकाच वेळी एक वस्त्र पाहत, आणि ते वस्त्र पुढे शिंप्याच्या दुकानापर्यंत पोहोचे. ‘आम्रपाली’ची वस्त्रे घडवणारी व्यक्ती शिवणकामातून आलेली नव्हती, ती शिकली होती चित्रकला. तिचे नाव भानू अथैया. माहेरचे नाव भानुमती राजोपाध्ये, गाव कोल्हापूर.

६.
भानूताईंचा जन्म २८ एप्रिल १९२९चा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते, पण मुलगी लहान असतानाच ते निवर्तले. कालगणनेतला एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. या जन्मानंतर जेमतेम महिन्याभरात, १ जून १९२९ रोजी, त्याच कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. हे शहर तेव्हा चित्रकारांचे होते, आणि चित्रपटही तिथे चित्रकारांच्याच हातून जन्माला येत होता.

७.
नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दृश्याची चौकट, नेपथ्य, दागिने, वस्त्रे या साऱ्यांचा विचार ते चित्रकाराच्या डोळ्याने करत. त्यांच्याच हाताखाली विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल घडले. पुढे हे दोघे ‘प्रभात’चे संस्थापक झाले आणि १९३३ साली कंपनीबरोबर पुण्यास आले.

८.
याच दामले-फत्तेलालांनी १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ केला. इथे आळंदीच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्ञानदेवांची संजीवन समाधी १२९६ सालची. त्यांच्या हयातीत काढलेले त्यांचे एकही चित्र आपल्यापाशी नाही. तरीही डोळे मिटले की एक मुद्रा, एक वस्त्र, एक बैठक आपल्यासमोर उभी राहते. ती उत्तरकाळातल्या चित्रकारांनी, मूर्तिकारांनी आणि चित्रपटकारांनी मिळून घडवलेली आहे. भूतकाळाला कपडे चढवण्याचे काम नेहमी नंतरची माणसे करतात. या धाग्याचे सूत्र हेच आहे.

९.
भानूताई मुंबईस आल्या आणि सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाल्या. १९५१ साली त्यांना उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’शी त्यांचा संबंध आला आणि १९५३च्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या त्या बहुचर्चित मंडळात स्त्री म्हणून त्या एकट्याच होत्या.

१०.
पण चित्रांवर घर चालत नव्हते. त्या स्त्रियांसाठीच्या इंग्रजी मासिकांत वेशभूषेची रेखाटने करू लागल्या. मासिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले तेव्हा तिथल्या कपड्यांची आखणी भानूताईंकडे आली. कागदावरची रेघ कापडावर उतरली ती अशी. कामिनी कौशल, नर्गिस यांसारख्या अभिनेत्री त्या कपड्यांच्या चाहत्या झाल्या आणि त्यांच्यामागून चित्रपटांची दारे उघडली. गुरुदत्त यांच्या संस्थेचा ‘सी.आय.डी.’ (१९५६), मग ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘वक्त’ : यादी शंभरापार जाते.

११.
आता अजिंठ्याकडे वळू. १८१९ साली जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४पासून रॉबर्ट गिल याने तिथल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात ज. जी. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्याही पुष्कळशा लंडनच्या आगीतच गेल्या. उरलेल्यांवर आधारलेले दोन खंड १८९६-९७ साली प्रसिद्ध झाले.

१२.
म्हणजे भानूताई ज्या शाळेत शिकल्या, त्या शाळेने अजिंठ्याची रेघ पाऊणशे वर्षांपूर्वीच गिरवायला घेतली होती. ‘आम्रपाली’चे काम हाती आले तेव्हा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून त्यांनी वस्त्रे बेतली. प्राचीन भारत दाखवायचा म्हणून जरीचे शेले आणि मखमली चोळ्या चढवायच्या, ही पौराणिक चित्रपटांची वाट त्यांनी सोडली.

१३.
अजिंठ्याच्या भिंतींवर वस्त्रांचे काय दिसते? आडव्या पट्ट्यांची, चौकड्यांची, फुला-हंसांच्या नक्षीची कापडे दिसतात. कमरेला गुंडाळलेले अंतरीय, खांद्यावरून सुटलेले उत्तरीय आणि कमरेभोवती गाठ मारलेला कायबंध दिसतो. काही वस्त्रे इतकी तलम रंगवली आहेत, की काठ दिसला तरच अंगावर कापड आहे हे कळावे. सतराव्या लेण्यात आरसा हाती घेऊन शृंगार करणारी राजस्त्री आहे. तिच्या अंगावर कापडापेक्षा दागिनेच अधिक आहेत.

१४.
यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या प्रसंगात नाचणारी स्त्री लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र घालते. दासी आणि सैनिक यांच्या अंगावरही शिवलेले कपडे आढळतात. त्याच लेण्याच्या छतावर टोप्या नि अंगरखे घातलेले परदेशी पाहुणे आहेत. राजे, राण्या आणि बोधिसत्त्व मात्र न शिवलेल्या वस्त्रांत आणि रत्नांत आहेत. अंग जितके झाकलेले तितकी प्रतिष्ठा मोठी, हा आपला आजचा हिशेब त्या भिंतीवर लागू पडत नाही. तिथे तो बहुधा उलटाच आहे.

१५.
भिंतीवरचे वस्त्र देहावर आणणे ही मात्र अवघड किमया. चित्रातली स्त्री हलत नाही. तिच्या नेसूची गाठ सुटण्याची भीती चित्रकाराला नसते. वैजयंतीमाला निष्णात नर्तकी, तिला गिरक्या घ्यायच्या होत्या. शिवाय चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. लेण्याला ते लागत नव्हते. पडद्यावरचे वस्त्र पाहिले की तोडगा दिसतो. वरचे अंग शिवलेल्या, घट्ट बसणाऱ्या कंचुकीने झाकले आहे. खालचे नेसू दोन पायांना मोकळीक देणारे, चुण्यांचे आहे. उघडेपणाचा भास देण्याचे काम दागिन्यांवर आणि कमरेच्या रेषेवर सोपवले आहे.

१६.
म्हणजे ही वस्त्रे अजिंठ्याची प्रतिकृती नव्हेत, भाषांतर आहेत. साँ लोराँने मोंद्रियानची काळी रेघ शिवणीत बदलली. भानूताईंनी अजिंठ्याची गाठ शिवणीत बदलली. दोघांची कामे एकमेकांपासून वर्षभराच्या अंतरावरची. एकाचे झगे आज जगातल्या संग्रहालयांत काचेआड आहेत. दुसरीचे काम ‘जुना हिंदी सिनेमा’ या खात्यात जमा झाले.

१७.
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक आक्षेप घ्यायला हवा. आम्रपाली ही बुद्धाची समकालीन. वैशालीतली आपली आमराई तिने संघाला दिली असे बौद्ध परंपरा सांगते. तो काळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासचा. अजिंठ्याची ही प्रसिद्ध चित्रे मात्र वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. कथा आणि तिच्या वस्त्रांचा आधार यांत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. ते स्थळाचेही आहे : वैशाली गंगेच्या उत्तरेला, अजिंठा सह्याद्रीच्या कुशीत.

१८.
मग ही चूक म्हणायची का? उत्तर देण्याआधी अजिंठ्याच्या चित्रकारांनाच विचारावे. त्यांनीही बुद्धाच्या आणि बुद्धपूर्व जन्मांच्या कथा रंगवताना आपल्याच काळातली वस्त्रे, महाल आणि केशरचना वापरल्या. जातकातला राजा त्यांनी वाकाटककालीन दरबारात बसवला. हजार वर्षांचे ते अंतर त्यांनी ओलांडले, आणि त्यांच्या चित्रांवर विसंबलेल्या भानूताईंनी ते जसेच्या तसे स्वीकारले.

१९.
राजा रविवर्म्याचेही तेच. त्याने लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्याचा छापखाना पुढे आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला आणि तिथल्या रंगीत छापील चित्रांनी घरोघरीच्या देवघरांना देवीचा पोशाख ठरवून दिला. आज त्या साडीला कोणी काळविपर्यास म्हणत नाही. सवयीने ती सनातन झाली आहे. कंचुकी मात्र अनेकांना खटकते. दोन्ही एकाच कुळातल्या आहेत.

२०.
‘आम्रपाली’ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला, पण नामांकनापर्यंत पोहोचला नाही. देशातही तिकीटबारीवर तो पडला. तरीही वस्त्रे उरली. त्यानंतर पडद्यावर, नृत्यनाट्यांत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत प्राचीन काळची राजनर्तकी उभी करायची झाली, की तीच कंचुकी नि तीच मेखला पुढे येते. आपल्या नकळत आपण प्राचीन भारताला १९६६ सालचे कपडे घालतो.

२१.
आता धिटाईचा प्रश्न. ‘पूर्वी असेच होते’ एवढे म्हणून तो मिटत नाही. अजिंठ्याची चित्रे विहारांत होती. त्यांचा पहिला प्रेक्षक भिक्षू आणि उपासक होता. राणीचे रत्नजडित अंग तिथे बहुधा अशा कथेत येते, जिचा नायक शेवटी हे सारे वैभव सोडून निघतो. चित्रपटाचा कॅमेरा तिकीट काढून आलेल्या डोळ्यांसाठी फिरतो. प्रतिमा तीच असली तरी तिचा पत्ता बदलला की अर्थ बदलतो. ‘आम्रपाली’च्या कथेत अखेर वैराग्य आहे खरे, पण जाहिरातीच्या फलकावर वैराग्याला जागा नसते.

२२.
हा वाद पुढे अधिक पेटला. १९७८ सालच्या राज कपूर यांच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ची वेशभूषा भानूताईंचीच. त्या चित्रपटावर अश्लीलतेचा आरोप झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र दिल्यानंतर फौजदारी खटल्यात त्या प्रमाणपत्राचे वजन किती, हा तिथला कळीचा मुद्दा होता. वस्त्राची लांबी मोजण्यापासून सुरू झालेली चर्चा राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला जाऊन भिडली.

२३.
गाठीची शिवण करण्याची त्यांची रीत आधुनिक कपड्यांतही दिसते. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) चित्रपटातली मुमताजची नारिंगी साडी आठवा. नाचताना ती जागची हलत नाही, कारण ती निऱ्यांसह बेतून शिवलेली आहे. आज बाजारात ‘रेडिमेड साडी’ म्हणून जे मिळते, त्याचे हे एक गाजलेले पूर्वरूप.

२४.
मग आला रिचर्ड अॅटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२). ११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्यासह भानू अथैया यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. योगायोग असा, की त्याच १९८३ साली अजिंठ्याची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली.

२५.
‘आम्रपाली’ आणि ‘गांधी’ शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत उघड्या अंगाचा प्रश्न आहे. बॅरिस्टरचा सूट सोडत सोडत गांधीजी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पंचावर आले. तिथे कमी वस्त्र म्हणजे दरिद्री रयतेशी नाते. अजिंठ्याच्या राणीच्या अंगावर कमी वस्त्र म्हणजे वैभव. १९६६च्या प्रेक्षकाला तेच धीट वाटले. अंग तेच, अर्थ तीन. हे तीनही अर्थ ज्या हातांनी हाताळले, ते एका चित्रकाराचे होते.

२६.
पुढे ‘लेकिन...’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१२ साली त्यांनी आपली ऑस्कर बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. आपल्या पश्चात ती इथे नीट जपली जाईल याची त्यांना खात्री वाटली नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला. ‘या चित्रेही काढत होत्या?’ असे अनेकांनी तेव्हा प्रथम विचारले.

२७.
खरी हानी इथे आहे. प्रोग्रेसिव्ह मंडळातल्या पुरुषांवर ग्रंथ झाले, त्यांच्या चित्रांनी कोटींची मजल मारली. त्यांच्याबरोबर भिंतीवर चित्र टांगणारी मुलगी कपड्यांकडे वळली आणि कलेच्या इतिहासातून जवळजवळ गळाली. रंग कॅनव्हासवर राहिला तर ती कला, कापडावर उतरला तर तो व्यवसाय, ही विभागणी कोणी केली? अजिंठ्याच्या ज्या कारागिरांनी कापडावरचे हंस इतक्या निगुतीने रंगवले, त्यांना ती मान्य झाली असती असे वाटत नाही.

२८.
यापुढे ऐतिहासिक चित्रपट किंवा मालिका पाहाल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही वस्त्रे कोणत्या साधनावरून घेतली? ते साधन कथेच्या काळाचे की नंतरचे? आणि जे मला खटकले, ते त्या काळाला खटकले असते का? शिवकाळ, पेशवाई, यादवकाळ, कोणत्याही विषयाला हे प्रश्न लागू आहेत. ‘खरे की खोटे’ या भांडणापेक्षा त्यांतून अधिक हाती लागते.

२९.
जमल्यास एक करा. ‘आम्रपाली’तले एखादे नृत्य पाहा आणि मग अजिंठ्यास जाऊन पहिल्या लेण्यातली ती नर्तकी शोधा. डाव्या भिंतीवर, वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांच्या घोळक्यात ती आहे. तिच्या लांब बाह्या नीट पाहा. पडद्यावरच्या नर्तकीपेक्षा भिंतीवरची नर्तकी अधिक झाकलेली आहे, आणि तिच्यासमोर बसलेली राणी कमी. या दोघींमधून भानू अथैयांनी आपली तिसरी स्त्री कशी बेतली, हे तिथे उभे राहिल्यावर अधिक नीट कळेल.